लोगोतला ल

इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतलेल्या प्रत्येकाला गावाकडे गेल्यावर एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तुला कॉम्प्युटर येतो ना?" तुम्ही सिव्हिलला असा नाहीतर मेकॅनिकलला, त्याने काही फरक पडत नाही. मग कुणाला सातबारा काढून दे, कुणाचं व्हॉट्सॲप चालू करून दे, अशी कामं सुरू होतात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र मला जरा वेगळंच काम मिळालं. खरं सांगते, एम-थ्रीच्या पेपरनेही माझा इतका घाम काढला नव्हता!

माझ्या आजीचं गाव जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब तिथून फार लांब नाही. गावात ड्रॉइंगचे एक रिटायर्ड शिक्षक आहेत. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. त्यांनी एका जुन्या वाड्याच्या तीन खोल्यांत मुलांसाठी एक केंद्र सुरू केलंय. तिथे भजन, भारूड, पखवाज, टाळ शिकवतात आणि शनिवारी मोडी वाचायला. केंद्राचं नाव इथे देत नाही, कारण "छापून-बिपून आणू नको बाई" अशी गुरुजींची ताकीद आहे. एवढंच सांगते की त्या नावात दोन ल आणि एक श आहे. पुढे यांनीच मला छळलं!

गुरुजी घरी आले आणि म्हणाले, "तू इंजिनिअर व्हायलीस ना? मग आमच्या केंद्राला एक बोधचिन्ह करून दे की. पाटीवर, पावतीपुस्तकावर, शिक्क्यावर, सर्टिफिकेटवर, सगळीकडं तेच चालायला पाहिजे."

बोधचिन्ह म्हणजे लोगो, हे कळायला मला दोन सेकंद लागले. पण कॉलेजच्या फेस्टचं पोस्टर मीच केलं होतं, त्यामुळे कॉन्फिडन्स भरपूर. एका रात्रीत लोगो तयार! गोल चकती, मागे उगवता सूर्य, पुढे वीणा, केशरीतून जांभळ्यात जाणारा ग्रेडियंट आणि खाली इंग्रजी आद्याक्षरं. रूममेट्सना पाठवला तर पाचही जणींचे अंगठे आले.

आजीला दाखवला. तिने चष्मा पुसला, मोबाईल लांब धरला, जवळ धरला. "छान हाय की. कुठल्या बँकेचं हाय?"

गुरुजी काहीच बोलले नाहीत. मला घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले, त्याची काळी-पांढरी प्रिंट काढायला लावली आणि मग तीही शिक्क्याएवढी लहान करायला सांगितली. हातात आला एक काळा ठिपका. सूर्य गेला, वीणा गेली, ग्रेडियंटचा चिखल झाला. दुकानदाराने माझ्याकडे तीन रुपये मागितले. माझ्या डिझाइनची तेवढीच किंमत झाली म्हणायची!

घरी येताना गुरुजींनी खिशातून दहाची नोट काढली आणि त्यावरचं रुपयाचं चिन्ह दाखवलं. हे चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारलं. ते काढणारे डी. उदय कुमार आयआयटी मुंबईच्या आयडीसीत पीएच.डी. करत होते. देवनागरी र आणि रोमन आर, दोन्ही त्यात आहेत आणि वर शिरोरेघ. गुरुजी म्हणाले, "पहिलीचं पोरगं बी पाटीवर काढतंय बघ हे. एका रंगात, एका खडूनं. तुझं कुणाला हातानं काढता येईल का?"

मलाच आलं नसतं.

मग दुसरा प्रयत्न. चित्र नकोच, नुसतं नाव देवनागरीत घ्यायचं ठरवलं. लॅपटॉपवर टाइप केलं, चांगला जाड फॉन्ट लावला आणि दाखवलं. गुरुजींनी पेन्सिलने तीन गोल केले. "हा ल आपला नाही. हा पण नाही. आणि हा श पण आपला नाही."

म्हणजे काय? ल तो ल! तुम्हीसुद्धा आता मनात हेच म्हणत असाल. पण हे पान जरा बाजूला ठेवा आणि हाताने ल काढून बघा. आपला मराठी ल म्हणजे मधला एक देठ आणि त्याच्या दोन बाजूंना दोन पाकळ्या. हिंदी ल ला उजवीकडे सरळ उभा दांडा असतो. श चंही तसंच. मराठी श देठाचा, हिंदी श शेंडीचा. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श च वापरावा असं सांगितलं आहे. मी वीस वर्षांची झाले तरी हा फरक माझ्या डोळ्यांना कधी दिसलाच नव्हता.

दिसणार कसा? मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे वर्गात मराठी बोललं की डायरीत रिमार्क मिळायचा. मराठीचा तास आठवड्यातून मोजका, आणि तोही परीक्षा जवळ आली की मॅथ्सला जायचा. मला मराठी येतं, म्हणजे बोलता येतं. लिहायची वेळ आली की माझं अक्षर तिसरीतल्या मुलीचं होतं. हा लेखसुद्धा मी आधी टाइप केलाय, हातानं लिहायची हिंमत झाली नाही.

त्या रात्री मी शोधत बसले, तेव्हा एक तांत्रिक गंमत कळली. युनिकोडमध्ये ल ला एकच क्रमांक आहे. त्याचा आकार कसा काढायचा हे फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरमध्ये नेमून दिलं तरच पाकळीचा ल उमटतो. नाहीतर दांड्याचा ल येतो. थोडक्यात, आपण मराठी आहोत हे यंत्राला आधी सांगावं लागतं. मी माझ्या लॅपटॉपला ते कधी सांगितलंच नव्हतं.

हे मी जेवताना आजीला सांगत होते. ती म्हणाली, "अक्षर कसं काढावं हे समर्थांनीच लिहून ठेवलंय की माय. माझी पोथी आण." मला वाटलं, आता प्रवचन! देवघरातली दासबोधाची पोथी आणली. आजीने पानं उलटली आणि १९ व्या दशकातला पहिला समास काढून दिला. त्याचं नावच लेखनक्रियानिरूपण. "वाच," म्हणाली.

मी वाचायला लागले. अडखळत, जोडाक्षरांवर ठेचा खात. आजी प्रत्येक ओळीला मला पकडून पुढे नेत होती, कारण तिला ते पाठ आहे. आता तिच्या डोळ्यांनी नीट वाचता येत नाही म्हणून ती नुसती पोथी मांडीवर घेऊन बसते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की आजी रोज वाचते.

आणि मजकूर काय आहे म्हणता? अक्षर गोलसर, सरळ आणि मोकळं असावं. शाई काळीभोर असावी. काना, मात्रा, वेलांटी, रफार जिथल्या तिथे हवेत. पानाच्या कडेने जागा सोडावी. ग्रंथाचं पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटचं दिसावं. निरनिराळ्या प्रदेशांतले बोरू जमवावेत. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की, तरुणपणी बारीक अक्षरात लिहून ठेवलं तर ते म्हातारपणी उपयोगाचं नाही, म्हणून मध्यम आकारात लिहावं. १६०८ साली आमच्या शेजारच्या गावात जन्मलेल्या माणसाने हे सांगून ठेवलंय! त्यांच्या स्वतःच्या हातचं वाल्मीकी रामायण धुळ्याच्या वाग्देवता मंदिरात जपलेलं आहे. मोठमोठ्या कंपन्या आपला लोगो कसा वापरायचा याची जी जाडजूड पुस्तकं काढतात, त्यात याहून वेगळं फारसं काही नसतं. कडेने मोकळी जागा सोडा, अमुक आकारापेक्षा लहान छापू नका, सगळीकडे एकसारखं ठेवा, इतकंच.

दुसऱ्या दिवसापासून मी गुरुजींकडे बोरू गिरवायला बसले. बोरूचं टोक तिरकं तासायचं आणि एकाच कोनात धरायचं. मग रेघ जाड कुठे आणि बारीक कुठे, हे आपोआप ठरतं. पहिल्या दिवशी फक्त उभ्या रेघा, दुसऱ्या दिवशी अर्धगोल. माझ्या शेजारी बसून गिरवणारी मुलं आठ-नऊ वर्षांची, आणि माझ्यापेक्षा पुढे!

चौथ्या दिवशी मी मोठ्या कागदावर ल काढला. एक देठ, दोन पाकळ्या. शेजारच्या पोराने डोकावून पाहिलं. "ताई, हे टाळ हायेत ना?"

मी पाहतच राहिले. दोरीने बांधलेली टाळांची जोडी! खुंटीला लटकवली की अगदी तशीच दिसते. गुरुजी हसले, पण काही बोलले नाहीत. त्यांच्या नजरेला ते आधीच दिसलं असावं असा मला अजून संशय आहे.

मग फार काही करायचं उरलं नाही. नाव बोरूच्या अक्षरात आणि पहिला ल थोडा मोठा, टाळासारखा. एकच रंग. मी त्यावर चौकोनांची जाळी आखून दिली, म्हणजे पेंटरला तीच जाळी पत्र्यावर मोठी करून उतरवता आली. फर्स्ट इयरच्या ईडीचा मला झालेला हा पहिला फायदा! पाटी सहा फूट बाय दोन फूट. ती टांगायच्या आधी आजीला वाड्यासमोरच्या ओट्यावर बसवलं. मधे चाळीस पावलांचं अंतर. तिने चष्मा न पुसता एकेक अक्षर वाचलं. बँकेचं नाव घेतलं नाही.

सगळं छान झालं असं मात्र नाही. पावतीपुस्तकं छापणाऱ्याने आपल्याच फॉन्टमध्ये नाव टाकलं, दोन्ही ल दांड्याचे. पाचशे पावत्या तशाच आहेत. गुरुजी म्हणाले, "संपू दे. पैसे गेलेत त्याचे."

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी चौदा मुलांची सर्टिफिकेटं लिहायची होती. गुरुजींनी बोरू माझ्या हातात दिला. "लोगो तुझा, तर नावं बी तूच लिही." सकाळी बसले ते दिवेलागणीला उठले. आजी शेजारी बसून होती आणि मी लिहिलेलं प्रत्येक नाव तिला मोठ्याने वाचून दाखवत होते.

पहिलं आणि शेवटचं अक्षर एकसारखं दिसावं असं समर्थ सांगतात. माझं तसं झालं नाही. पहिलं सर्टिफिकेट आणि चौदावं शेजारी ठेवलं तर कुणीही म्हणेल की दोन वेगळ्या माणसांनी लिहिलंय. पण चौदावं बरं आलंय. होस्टेलवर येताना आजीने तिची पोथी माझ्या बॅगेत ठेवली. रविवारी मेसच्या जेवणानंतर मी फोनवर तिला एक समास वाचून दाखवते. ती अजूनही मला मधेच पकडते, पण आता पूर्वीपेक्षा कमी.