माथेरानचा लोहमार्ग आणि घरांतील फळी

नेरळ स्थानकावर उतरणारा प्रवासी बहुधा आधीं डोंगराकडे पाहतो. त्यानें क्षणभर पायांखालींही पाहावें, अशी आमची विनंति आहे. एका बाजूस मुंबई-पुणें मार्गाचे साडेपांच फूट अंतरावर बसविलेले भारदस्त रूळ दिसतात, तर दुसऱ्या बाजूस माथेरानचे अवघ्या दोन फूट अंतरावरचे. हेच सडपातळ रूळ सुमारें २१ किलोमीटरांचा डोंगर चढून जातात.

सर आदमजी पीरभॉय यांनीं पैसा पुरविला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं १९०४ ते १९०७ या काळांत हा मार्ग बांधून काढला. डोंगराशीं भांडत न बसतां त्याच्या अंगाअंगानें मार्ग नेल्यामुळें कांहीं वळणें साठ फूट त्रिज्येचीं झालीं, आणि चढ विसांत एक इतका आला. साध्या बांधणीच्या इंजिनास अशीं वळणें जड जातात. म्हणून जर्मनींतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्यानें केलेल्या इंजिनांत पहिला व शेवटचा आंस वळणाबरोबर थोडा वळेल अशी योजना होती. म्हणजे येथें मार्ग डोंगरानें ठरविला आणि इंजिन मार्गाच्या मापानें घडलें. घरांत या रेल्वेची लहान प्रतिकृति मांडूं इच्छिणाऱ्यांनीं घेण्याजोगा धडा हाच.

बहुतेक घरीं याच्या उलट घडतें. दिवाळीस काका सुंदर इंजिन आणतात. रूळ आणि सांधे मागाहून मिळतील ते जोडले जातात. एकत्र कुटुंबांत एका फळीभोंवतीं पांच-सहा मुलें बसतात. गाडी प्रत्येक सांध्यावर अडूं लागली, म्हणजे चार दिवसांत मुलांचा उत्साह मावळतो आणि ती फळी माळ्यावर जाते. पैसा जातो तो जातोच. परंतु हातानें कांहीं उभें करण्याची मुलांची हौस मारली जाते, ही हानि मोठी आहे.

तेव्हां प्रथम माप ठरवावें. एकास शहात्तर हें प्रमाण धरल्यास दोन फुटांचे आठ मिलिमीटर होतात. बाजारांत नऊ मिलिमीटर गेजचे रूळ मिळतात; एका मिलिमीटराचा हा फरक जगभरचे हौशी लोक चालवून घेतात. आतां वळण पाहूं. मोठ्या मार्गावरील चारशें मीटर त्रिज्येचें वळण या प्रमाणांत सव्वापांच मीटर भरतें. तें कोणत्या दिवाणखान्यांत मावणार? माथेरानचें साठ फुटांचें वळण मात्र २४० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर त्रिज्येचें होतें. दोन फूट रुंद फळीवर तें सुखानें बसतें, आणि त्यांत कांहीं खोटें करावें लागत नाहीं.

दुसरा प्रश्न रुळांच्या जाडीचा. रुळांवर जो ८० किंवा ५५ असा अंक सांगतात, तो उंची इंचाच्या हजाराव्या भागांत दाखवितो. ८० अंकाचा रूळ दोन मिलिमीटर उंच असतो. त्यास शहात्तरानें गुणिलें असतां सहा इंच येतात, आणि एवढे उंच रूळ मोठ्या मार्गासच शोभतात. ५५ अंकाचा रूळ सुमारें चार इंचांचा ठरतो, म्हणून तो लहान मार्गास अधिक जवळचा. परंतु चाकांच्या कडा खोल असतील, तर त्या बारीक रुळाच्या बैठकीस घासतात. मुलांच्या हातीं देणें असेल, तर ८० अंकच बरा. डोळ्यांस खरी खटकते ती स्लीपरांची दाट रांग. मोठ्या मार्गासाठीं केलेला रूळ न घेतां, विरळ व किंचित् वेडेवांकडे स्लीपर असलेला, अरुंद मार्गासाठीं मुद्दाम केलेला रूळ घ्यावा.

सर्वांत अधिक विचार सांध्यांचा करावा. दोन रुळांतून वीज येते, आणि सांध्यांत एका बाजूचा रूळ दुसऱ्या बाजूच्या रुळास छेदतो. त्या ठिकाणीं स्वस्त सांध्यांत प्लास्टिकचा तुकडा असतो. लांब इंजिन तो सहज ओलांडतें; पण आंखूड इंजिनाचीं चाकें त्यावर येतांच वीज तुटते आणि गाडी थांबते. म्हणून छेदाची जागा धातूची असलेला सांधा निवडावा, व सांधा फिरवितांना तेथील वीजही बदलेल असें बटण जोडावें. खर्च थोडा वाढतो, परंतु एक डबा कमी घेऊन तो भरून काढतां येतो. सांधा सपाटीवरच बसवावा, आणि उलटसुलट वळणें एकमेकांस भिडतील तेथें मध्यें सर्वांत लांब डब्याइतका सरळ रूळ घालावा.

एकवीस किलोमीटरांची प्रतिकृति करूं म्हटल्यास पावणेतीनशें मीटर जागा लागेल! त्यापेक्षां नेरळच्या वरचें पहिलें स्थानक जुम्मापट्टी तेवढें निवडावें. तेथें चढती व उतरती गाडी एकमेकींस वाट देतात. त्यास दोनच सांधे पुरतात. मात्र त्यांच्यामधील बाजूच्या रुळावर पुरी गाडी मोकळी उभी राहील, एवढें अंतर खरेदीपूर्वींच मोजून ठेवावें.

२००५ च्या अतिवृष्टींत माथेरानचा मार्ग जागोजाग वाहून गेला, आणि गाडी पुन्हां सुरू होण्यास २००७ उजाडलें. २०१९ च्या पावसानें नेरळहून वर जाणारी वाट पुन्हां अडली. ती २०२२ मध्यें खुली झाली. इंजिनें आणि डबे असूनही गाडी त्या काळांत डोंगर चढूं शकली नाहीं. वाट नीट असेल तरच गाडी, हें मुलांस या फळीवर, कोणी न सांगतां, समजेल.