बाथरूम बघायचं राहून गेलं

"मराठी सेक्शनला कोणीच लिहीत नाही, तू तरी लिही," असं एडिटर म्हणाली, म्हणून हे धाडस. मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी आजीचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण आई-बाबा दोघंही नोकरीला आणि मी हॉस्टेलवर. म्हणून तिला तीन महिन्यांसाठी एका वृद्धाश्रमात ठेवलं. दर रविवारी आम्ही भेटायला जायचो. पुढचा हॉल एकदम चकाचक. दारात रांगोळी, कोपऱ्यात देवघर, सगळीकडे फिनेलचा वास. शाळेत सिस्टर म्हणायच्या, "क्लीनलिनेस इज नेक्स्ट टू गॉडलिनेस." मला वाटायचं, इथे दोन्ही आहे!

एकच गोष्ट खटकायची. आजी पाणी पीत नव्हती. पेला पुढे केला की "नको गं, आत्ताच प्यायले" म्हणायची. ओठ मात्र सुकलेले.

दहाव्या रविवारी तिने मला ओळखलंच नाही. आत्याच्या नावाने हाक मारली आणि "क्लासला उशीर होईल, जा" म्हणाली. आम्ही हादरलोच. डॉक्टर म्हणाले, युरिन इन्फेक्शन आहे. पाणी कमी पडलं की ते बळावतं आणि म्हाताऱ्या माणसांत कधी कधी त्याचं पहिलं लक्षण हा असा गोंधळच असतो.

ती भानावर आल्यावर मी जरा रागावूनच विचारलं, "आजी, पाणी का नाही प्यायलीस?"

"पाणी प्यायलं की जावं लागतं. त्या बाथरूममध्ये भीती वाटते गं. पुन्हा पडले तर?"

तिचं सामान आणायला गेले तेव्हा मी ते बाथरूम पहिल्यांदा बघितलं. धरायला दांडा नाही. फरशीचा उतार उलटा, त्यामुळे पाणी जाळीकडे न जाता कमोडपाशी साचलेलं. जाळीखालचा ट्रॅप कोरडा पडलेला. ट्रॅपमधलं ५० मिलिमीटर पाणी गटाराचा वास अडवतं, हे मी व्हायवात धडाधड सांगितलं होतं. पाणी तिथे पोचतच नव्हतं, म्हणून वास वर येत होता. आणि तो झाकायला फिनेल!

मी तिथल्या मावशींवर ओरडणारच होते. पण सोळा बेडना रात्री त्या एकट्या. त्या बिचाऱ्या रोज पाणी खराट्याने ढकलायच्या, ते परत यायचं. चूक त्यांची नव्हती, उतार काढणाऱ्याची होती. म्हणजे उद्या कदाचित माझीच.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. ती बाथरूमं आपल्यापैकीच कोणीतरी बांधणार.

आजी आता घरी आहे. बाबांनी दोन दांडे बसवले, मी उतार तपासला. ती पाणी पिते, वर "इंजिनिअरबाई, बघा हं, दुसरा पेला" असं चिडवते. मी हसते. पण दहा रविवार मी त्या हॉलमध्ये बसून होते आणि उठून दहा पावलं आत गेले नाही, हे काही डोक्यातून जात नाही.

तुमच्यावर कधी अशी वेळ आली, तर हॉल नंतर बघा. आधी बाथरूम बघा.