वाळूच्या पोटात

समुद्राचं पाणी कुणी बदलत नाही. तिथे मासे जगतात, मरतात, कुजतात, तरीही प्रवाळखडकांवरच्या पाण्यात नायट्रेट इतकं कमी असतं की घरगुती टेस्ट किटला त्याची चाहूलही लागत नाही. काचेच्या टाकीत मात्र चिमूटभर खाद्याचाही हिशेब उरतो. त्यातून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते साचत जातं. प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवालं त्यावर फोफावतात; प्रवाळाचे हिरवे-जांभळे रंग तपकिरी छटेखाली बुडतात.

पाणी बदलणं हा पहिला उपाय, पण लिटरमागे 50 मिलिग्रॅम नायट्रेट असताना पाचवा हिस्सा पाणी बदललं तरी 40 उरतंच. स्किमर नावाचं यंत्र घाण कुजण्याआधीच फेसातून उचलतं. शेजारच्या कप्प्यात कीटोमॉर्फा हे तारेसारखं हिरवं शैवाल वाढवायचं, त्याला रात्री दिवा द्यायचा आणि वाढलेला गुंता मूठभर उपटून टाकायचा. त्या मुठीतून नायट्रोजन खरोखरच टाकीबाहेर जातो. हे काम मला फार आवडतं.

पण माझं मन रमतं ते वाळूत. नीस विद्यापीठाचे प्राध्यापक जाँ जोबेर यांनी 1980च्या दशकात मोनाकोत या वाळूवरच भिस्त ठेवली: तळाशी जाळी, जाळीखाली संथ पाण्याचा थर, वर जाड वाळू. खाली प्राणवायू जवळजवळ पोहोचत नाही. तिथले जिवाणू नायट्रेटमधलाच प्राणवायू श्वासासाठी वापरतात आणि सुटलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. ज्याला आपण घाण म्हणतो, त्यावर कुणीतरी अंधारात श्वास घेतं, याचं नवल मला अजून ओसरलेलं नाही.

व्होडकाचे थेंब टाकून नायट्रेट वापरणारे जिवाणू झपाट्याने वाढवण्याचीही रीत आहे. मला ती घाई नको वाटते. नायट्रेट एकाएकी कोसळलं तर प्रवाळांना ते सोसत नाही. आणि शून्य गाठायचंच कशाला? नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही संपली की प्रवाळ उपाशी राहून फिकट पडतात, वाळूवर डायनोफ्लॅजेलेटचा चिकट तपकिरी थर चढू शकतो. म्हणून नायट्रेटचा आकडा 5च्या आसपास दिसला की मी टाकीत हात घालत नाही. त्याहून खाली घसरला, तर माशांना थोडं जास्त खायला घालते.