पड

6 जून 2024, भालकी
फॉर्म आले. सोळा पानं, कन्नड आणि इंग्रजी. मराठी माझ्या तोंडची. गावं तीन. दोन आमच्या बीदर जिल्ह्यातली, एक आळंद तालुक्यातलं. प्रत्येक सर्व्हे नंबरात उभं राहायचं, फोनवर जागा टिपायची, पीक लिहायचं, कसणाऱ्याचं नाव लिहायचं. दोनपैकी एक गाव आमचंच. सरांना तसं सांगून टाकलं. ते म्हणाले, बरंच झालं, माणसं बोलतील. वर ताकीद : प्रश्न फक्त वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा नाही.
समजावल्याशिवाय उत्तर कोण देणार?
पुण्याहून दादाचा फोन. घेतला नाही.

10 जून
पाऊस लागला. गावात माणूस नाही. सगळे तिफणीमागं नाहीतर ट्रॅक्टरमागं. ओट्यावर एक म्हातारी. चहा दिला. "पेरणीच्या दिसात कोन इचारत फिरतंय का माय?"
आजचे फॉर्म : शून्य.

14 जून
चार फॉर्म. चारही बांधावर उभ्यानं भरले. चारातल्या तीन रानांत सोयाबीनच्या चार तासांमागं तुरीचं एक तास. फॉर्मात रकाना एकच, 'मुख्य पीक'. सोयाबीन लिहिलं की तूर गेली. तूर लिहिली की खोटं होतं.
आणि बांधाच्या कडेनं बाईनं टाकलेली अंबाडी, मूठभर मूग, ज्वारीची चार ताटं, त्याचं काय करू? तिला विचारलं तर म्हणाली, "ते पीक न्हाई, ते घरासाठी."

17 जून
आज एक गंमत सापडली. उपग्रहाच्या नकाशाची एक चौकट 10 मीटर बाय 10 मीटर. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 10.06 मीटर. दोनदा आकडेमोड केली. युरोपचा सेंटिनेल-2 आभाळातून फिरतो आणि मोजतो आपल्या गुंठ्यानंच!
सरांना कळवलं. अंगठा आला.
मग दुसरी आकडेमोड. दोन तासांत दीड फूट. म्हणजे एका चौकटीत बावीसेक तासं. अठरा सोयाबीनची, चार तुरीची. चौकटीला रंग मात्र एकच मिळतो.

22 जून, आळंद तालुका
कारहुणवी. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. दोन ट्रॅक्टरांनाही हार घातलेत. आमच्या गावी बैलांचा सण पोळ्याला, इथं ज्येष्ठाच्या पुनवेला. बैल मात्र एकाच बाजारातून आलेले.
गावातल्या जोड्या मोजल्या. अकरा. घरं दोनशेच्या वर.
माझं कन्नड ऐकून बाया तोंडावर पदर धरून हसल्या. मग त्यांनीच मराठी सुरू केली. अशी मराठी की मला हसू आवरेना.

3 जुलै
'जमीन कशी कसता : स्वतःची / बटईनं / खंडानं.'
एकोणीस घरं झाली. एकोणीस वेळा 'स्वतःची'.
कर्नाटकात 1 मार्च 1974 पासून कुळं नाहीत. कायद्यानं नाहीत. त्यामुळं बटईचा शब्द काढला की माणूस आधी माझ्या हातातल्या कागदाकडं बघतो, मग रस्त्याकडं. विसाव्या घरचा म्हणाला, "घरचीच हाय. मालक बी घरचाच मानूस हाय." मालक हैदराबादला. बी-बियाणं निम्मं त्याचं, रास निम्मी त्याची. खत कुणाचं, यावर दरवर्षी भांडण. मी लिहून घेत होते. त्यानं विचारलं, "हे कुटं जातंय?"
बंगळुरूला.
"मंग ऱ्हाऊ द्या."
खोडलं. वहीच्या मागच्या पानावर आपल्यापुरती खूण केली. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. पीकविमा, नुकसानभरपाई, कर्ज, सगळं पहाणीवरच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या, नावाला. घाम गाळणाऱ्याला पीक आलं तर निम्मं आणि बुडालं तर सगळं.

12 जुलै
उपग्रह दर पाच दिवसांनी डोक्यावरून जातो. पाच दिवसांनी ढगांचा फोटो येतो. सोयाबीन उगवतं, वाढतं, फुलतं ते नेमकं ढगांखाली. खरिपाचं खरं काय ते आम्हा पायी फिरणाऱ्यांकडूनच कळायचं. ट्रॅव्हल अलाउन्स वाढवून मागावा.

15 जुलै
दादाचा मेसेज : 'फक्त एक सही.'

28 जुलै, रविवार
बीदर. नौबादची सुरंग बावडी बघितली. बहामनी काळातली, पंधराव्या शतकातली. वरचा तांबडा जांभा पाणी पितो, खालचा काळा पाषाण ते अडवतो. दोन्हींच्या सांध्यावरून बोगदा नेला आणि उतारानं पाणी आणलं. मोट नाही, मोटर नाही. हवेसाठी वरून विहिरीसारखी भोकं ठेवलेली.
आता आजूबाजूला प्लॉट. दगडावर चुन्यानं नंबर. जमिनीच्या पोटात काय आहे हे प्लॉटच्या नकाशात येत नाही, पहाणीतही येत नाही.
परतताना बसमध्ये एकजण मोठ्यानं फोनवर : "एन.ए. झालं की डबल, लिहून देतो." बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायची बंदी इथं 2020 ला उठली. तेव्हापासून असे फोन प्रत्येक बसमध्ये.

9 ऑगस्ट
नागपंचमी. आज नांगर-कुळव काही चालत नाही. सगळे घरी. सात फॉर्म!

2 सप्टेंबर, गावी
पोळा पावसात. कालपासून थांबला नाही. ओढ्याला पाणी, मुगाच्या शेंगांना झाडावरच मोड. बाबा गेल्यावर आपली जोडी विकली, त्यामुळं मातीचे बैल. आईनं त्यांनाच पुरणपोळीचा घास लावला.
छत्री घेऊन रानात गेले. कमरेएवढं गवत. बांध दिसेना. तीन पेरे चुकले. पलीकडून हरणांचा कळप उड्या मारत गेला, काळवीट पुढं. त्यांना रान सापडलंय.

11 सप्टेंबर
आज आमचाच सर्व्हे नंबर यादीत. मी विचारणारी, मीच सांगणारी.
3 एकर 12 गुंठे. खातेदार : बाबा. (मयत. पौती, म्हणजे वारसाची नोंद, झालेली नाही.)
जमिनीचा वापर नऊ प्रकारांत बसवायचा. वर्षभर पेरली नाही तर 'चालू पड'. एक ते पाच वर्षं, 'इतर पड'. पाचाच्या पुढं 'लागवडीयोग्य पडीक'. आम्ही मधल्या खणात. अजून दोन वर्षं हात लावला नाही तर खालच्या खणात जाऊ.
पड राहण्याचं कारण : 1 पाणी, 2 मजूर, 3 भांडवल, 4 वाद, 5 जंगली जनावरं, 6 जमीन खराब, 7 इतर.
आईला विचारलं. नियमाप्रमाणं नुसतं वाचून दाखवलं. ती ज्वारी निवडत होती. "तुझा बाप न्हाई म्हणून पड हाय. त्याला कोन्ता नंबर?"
7 लिहिलं. कंसात लिहायला जागा होती. लिहिलं नाही.

18 सप्टेंबर
अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधांचा लेख पुन्हा काढला. 1986 चा. सात राज्यांतली ऐंशीच्या वर कोरडवाहू गावं, त्यांत बीदर आणि गुलबर्ग्याचीही. गायरान, पाणवठे, सामाईक रानं 1950 पासूनच्या तीस वर्षांत 31 ते 55 टक्के घटली. गरिबांना वाटली, पण वाटताना ज्यांच्याकडं होतं त्यांच्याकडंच जास्त गेली. आणि ज्यांना मिळाली त्यातल्या अनेकांकडं बैल नव्हते, पैसा नव्हता.
त्या माणसानं आकडे जमवताना कुणाच्या ओट्यावर चहा घेतला असेल?
इथल्या गायरानात आज टाकी, शाळा, स्मशान, एक देऊळ, अकरा घरं. उरलेल्यात दोन शेळ्या. शेळ्या कुणाच्या, ते कळलं. वहीत टाकलं.

5 ऑक्टोबर
आईनं मला न सांगता भाड्याचा ट्रॅक्टर बोलावला आणि रानाच्या एका कोपऱ्यात रोटर मारून घेतला. 17 गुंठे. उरलेलं जसंच्या तसं. करडई पेरणार म्हणे. पावसाची ओल काळ्या रानात आहे, तेवढ्यावर निघते.
करडईच का?
"काटे आले की हरनं तोंड लावत न्हाईत. राखन कोन करनार, तू?"
पूर्वी हरभऱ्याच्या भोवती करडईचं कुंपण असायचं. आता कुंपणच पीक.
दादाला सांगू नको म्हणाली. मी कशाला सांगू?

19 ऑक्टोबर, भालकी
सोयाबीन बाजारात. हमीभाव 4,892. आडतीत चार हजार शंभर, दोनशे. ओलावा बारा टक्क्यांच्या वर असला की सरकारी काटा घेत नाही. पावसात निघालेलं सोयाबीन, बाराच्या आत कुठून येणार? एकजण रस्त्यावरच वाळवत बसला होता. त्याच्या दाण्यांवरून माझी बस गेली. त्यानं वर बघितलंही नाही.

24 नोव्हेंबर, आळंद तालुका
तुरीचं रान. लांबून छान, आत शिरलं की मधेच वाळलेले पट्टे. शेतकऱ्यानं एक झाड उपटलं, खोड चिरून दाखवलं. आत काळी रेघ. मर. शेजारचं झाड हिरवंगार, शेंगांनी लदलेलं. "ह्याला काय म्हनून सोडलं असंल?" त्यानं मलाच विचारलं. शेंगा भरायच्या वेळीच जातं, खर्च सगळा होऊन गेल्यावर. मागच्या तीन वर्षांत याच रानात तूरच होती. बदलून दुसरं काय घेणार? कलबुर्गीच्या डाळ मिलना तूर लागते. 2019 पासून 'गुलबर्गा तूरडाळ' म्हणून भौगोलिक मानांकनही आहे. मानांकन मातीला, मर पण मातीतच.
फॉर्मात 'नुकसान टक्के'. तो म्हणाला, लिवा काय बी. मी झाडं मोजली. शंभरात 38.

9 डिसेंबर
आभाळ मोकळं. नकाशा स्वच्छ आला. मोठा करत करत आमच्या गावावर आले. ओढा, रस्ता, टाकी. आमचं रान करडं-तपकिरी, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात हिरव्या चौकटी. मोजल्या. सोळा. सतरावी अर्धी बांधात गेली असेल.
ऑफिसात कुणाला दाखवलं नाही. बराच वेळ स्क्रीन तशीच ठेवली.
संगणकानं आपसूक लावलेला शिक्का : 'झुडूप'.

10 डिसेंबर
दुरुस्त केला.

30 डिसेंबर, गावी
येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. तीन वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या रानात जेवलो. या वर्षी आईनं आपल्या रानात कोप केली. कडबा शेजाऱ्याचा. पाच दगडांना चुना. भज्जी, उंडे, आंबील, खीर. मडकं डोक्यावर घेऊन ती पुढं, मी मागं. चर शिंपायला माणूस नव्हता. मीच शिंपला, करडईभोवती आणि मग गवताभोवतीही, सबंध 3 एकर 12 गुंठे. पायात कुसळं.
दादा आला होता. बायको-पोरांसकट. भज्जी दोनदा घेतली. कोपीत बसून बराच वेळ करडईकडं बघत होता. काही बोलला नाही.

31 डिसेंबर
बोलला. गिऱ्हाईक रस्त्याकडेचं मागतंय, तुकडा नको, पूर्ण पाहिजे. आधी पौती, मग माझी हक्कसोड, मग व्यवहार. त्याचा हप्ता आहे, पोराची फी आहे. खोटं नाही ते. ओरडला असता तर बरं झालं असतं.
कागद माझ्या फायलीत ठेवून गेला. फॉर्मांच्या गठ्ठ्यात.

12 जानेवारी 2025
दोन माणसं टेप घेऊन रानात आली होती, आई सांगते. करडईत शिरली आणि लगेच बाहेर आली. हे सांगताना हसली.

2 फेब्रुवारी, कलबुर्गी
तूर. हमीभाव 7,550, वर राज्याचे 450, मिळून आठ हजार. बाजारात त्याहून कमी. गेल्या हंगामात दहा हजारांच्या वर विकलेली. आडत्याच्या ओट्यावर एक म्हातारा : "तिकडनं जहाज येतंय म्हने." येतंय. बाहेरच्या तुरीवर आयातशुल्क नाही. मोझांबिकशी करार 2016 चा, मग म्यानमारशी. तिकडचा शेतकरीही असाच कुठल्या ओट्यावर बसून आमच्या पावसाची चौकशी करत असेल.
म्हाताऱ्याला फॉर्मातला शेवटचा प्रश्न वाचून दाखवला. 'पुढील वर्षी आपण कोणते पीक घेणार?'
"तूर."

9 फेब्रुवारी, गावी
रब्बीची फेरी. पुन्हा आमचा नंबर. पीक : करडई, 17 गुंठे. उरलेलं : इतर पड.
कसणाऱ्याचं पूर्ण नाव. आईनं बाबांचं सांगितलं. मी लिहिलं नाही, पेन धरून थांबले. ती चुलीपाशी गेली, लाकूड सारलं. तिथूनच स्वतःचं सांगितलं. माहेरचं.

21 फेब्रुवारी
पहाटे साडेचार. करडई दंवात काढायची, तेव्हा काटे नरम असतात. ऊन चढलं की हात लावू देत नाही. आईनं हाताला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या, मला बाबांचे मोजे दिले. कोपरापर्यंत येतात. दोन ओळी झाल्या तेव्हा पूर्वेला जरा फटफटलं. बांधावर ठेवलेला फोन वाजायला लागला. दादा. मोजे काढायचे तर काटे तळव्यात. आई म्हणाली, वाजू दे, आधी ही वळ संपव.