लाचार लिहिलं मी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका दैनिकात नवखा बातमीदार होतो. मणिबेली हे गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १९९८ साली. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात येणाऱ्या महाराष्ट्रातल्या ३३ गावांपैकी हे धरणाच्या सर्वांत जवळचं. पुनर्वसनाचं काम पाहणाऱ्या एका साहेबांबरोबर, त्यांच्याच गाडीतून आणि होडीतून, मी तिथं गेलो. परतल्यावर बातमी दिली: साहेबांपुढं हात जोडून उभे राहणारे हे आदिवासी लाचार झाले आहेत.

फारसीत 'चारा' म्हणजे उपाय. ज्याला उपायच उरला नाही तो लाचार. मराठीत हा शब्द हळूहळू माणसाच्या स्वभावावर येऊन बसला. आज आपण लाचार म्हणतो ते पदासाठी, पैशासाठी पुढाऱ्याच्या पायाशी लोळण घेणाऱ्याला. परिस्थितीची कोंडी सांगणारा शब्द शिवी झाला. मी तो शिवीच्याच अर्थानं वापरला होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं त्याच्या अगदी उलट.

कारण ते लोक हात जोडूनच 'नाही' म्हणत होते. आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आवाज कुणी चढवला नाही. संमतीच्या कागदावर अंगठा मात्र कुणीच उठवला नाही. ही त्यांची रीत होती, पाहुण्याशी बोलण्याची. मला ती शरणागती वाटली, कारण नकार म्हणजे आरडाओरडा अशीच माझी समजूत होती. होडीत साहेब म्हणाले, "होतील हळूहळू तयार." ते वाक्य मी माझं म्हणून छापलं. वाटेतल्या जेवणाचे पैसे त्यांनीच दिले होते. मिंधा मी होतो, आणि लाचारी मी दुसऱ्यांच्या माथी मारली.

पुढं जे झालं ते सर्वांना माहीत आहे. जून १९९२ मध्ये, प्रकल्प तपासायला जागतिक बँकेनं नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल आला, मार्च १९९३ मध्ये धरणासाठीचं बँकेचं कर्ज थांबलं, आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं तेव्हा माणसं घरं सोडायला तयार नव्हती. १९९४ साली मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये, अशी मागणी जगभरच्या संघटनांनी केली. त्या जाहीरनाम्याला नाव दिलं मणिबेलीचं.

शब्दाच्या मूळ अर्थानं मात्र त्यांना लाचार केलं गेलं होतं, ते कागदोपत्री. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जंगलजमिनीचा सातबारा नाही, म्हणून ते 'अतिक्रमणदार'. वनहक्क कायदा यायला २००६ साल उजाडलं. हे कुणी, कसं केलं, ही खरी बातमी होती. तिच्याकडं मी पाहिलंच नाही.

त्या बातमीची दुरुस्ती कधीच छापून आली नाही, कारण मी ती मागितली नाही. माझ्या वहीत त्या दिवशीची त्यांची उत्तरं होती, बातमीत एकही नव्हतं. नावावर नसलेल्या शेताचं काय, ते आधी लिहून द्या. साऱ्या गावाला एका जागी जमीन दाखवा. तिथं लाकूडफाटा, चारा आणि मासळी कुठून आणायची, तेही सांगा. अंगठ्याचं त्यानंतर बोलू.