थंडीत पिकणारं फळ

नासपतीबद्दल गिऱ्हाइकाच्या तक्रारी दोनच असतात. एक तर फळ लाकडासारखं लागतं, नाहीतर वरून धड दिसणारं फळ कापल्यावर आतून तपकिरी निघतं. दोष जातीला दिला जातो, मातीला दिला जातो, दलालाला तर हमखास. काढणीनंतरचं फळ हाच ज्यांच्या कामाचा विषय आहे, त्या आम्हा लोकांना मात्र दोन्ही तक्रारींमागे बहुतेक वेळा एकच गैरसमज दिसतो. काढणीनंतरची थंडी म्हणजे साठवण, असं सगळे धरून चालतात. युरोपीय नासपतीच्या बाबतीत ती पिकवण आहे; छाटणी आणि पाण्याइतकाच तो लागवडीचा भाग आहे, फक्त बागेच्या कुंपणाबाहेर पार पडणारा.

ही नासपती झाडावर पिकू द्यायची नसते. ती गाभ्याकडून सालीकडे पिकत येते. साल बोटाला मऊ लागेपर्यंत गाभा बसलेला असतो आणि गर रवाळ झालेला असतो. म्हणून फळ टणक असतानाच उतरवायचं. किती टणक, हे मोजायची पद्धत मॅग्नेस आणि टेलर यांनी १९२५ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यात मांडली, ती आजही जवळपास तशीच चालते. फळाच्या फुगीर भागावरची रुपयाएवढी साल काढायची, ८ मिलिमीटर व्यासाचा दांडा सावकाश गरात दाबायचा आणि किती जोर लागला ते वाचायचं. आंजू जातीला तोडणीच्या वेळी १३ ते १५ पौंड जोर लागतो. खाण्याजोगी होते तेव्हा २ ते ४ पौंड. मधला हा दहा-अकरा पौंडांचा उतार झाडापासून तुटल्यावरच व्हायचा असतो.

इथे कोकणातला माणूस लगेच आढीचं नाव घेईल. हापूसही टणकच उतरवतात, भाताच्या पेंढ्यात ऊब देतात आणि काही दिवसांत रंग चढतो. त्याच हापूसला १२ अंशांखाली बराच काळ ठेवलं तर साल काळवंडते आणि गर नीट पिकत नाही. थंडी पिकण्याची वैरीण, ही आपली समज आंब्यावरून आलेली आहे आणि आंब्यापुरती ती पूर्ण खरी आहे. आंजूला मात्र ताजी उतरवून अशीच ऊब दिली तर ती आठवडेच्या आठवडे टणक राहते, सुरकुतते, पण मऊ पडत नाही. तिला आधी उणे १ अंशाच्या आसपास साधारण ६० दिवस काढावे लागतात. कॉमिसला ३०, बॉस्कला १५च्या आसपास. रसातल्या साखरेमुळे एवढ्या थंडीतही फळ गोठत नाही. मग ते खोलीत आणून ठेवलं की आठवड्याभरात गर लोण्यासारखा होतो.

त्या ६० दिवसांत बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही. आत मात्र जुळवाजुळव चालू असते. पिकण्याची सुरुवात करणारा इथिलीन वायू फळ स्वतः बनवतं. १९७९ मध्ये अ‍ॅडम्स आणि यांग यांनी दाखवलं की त्याच्या आधीचा टप्पा एसीसी नावाचं द्रव्य आहे. एक एन्झाइम एसीसी तयार करतं, दुसरं त्याचं इथिलीन करतं. पास-क्रासान ही फ्रेंच जात तीन महिने ० अंशाला राहिल्याशिवाय आपणहून पिकत नाही. तिच्यावरचा १९९७ चा अभ्यास मला या विषयातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो. थंडीत ठेवलेल्या फळात दोन्ही एन्झाइमांची जनुकं जोरात कामाला लागली होती. तोडणीनंतर थेट १८ अंशाला ठेवलेल्या फळात यातलं काहीही घडलं नाही. थंडीने फळ थांबवलं नव्हतं, तयार केलं होतं.

यावर पहिला आक्षेप व्यापाऱ्याचा असतो: इथिलीनच हवा तर रायपनिंग चेंबरमध्ये बाहेरून द्या, दोन महिने कशाला घालवता? दिला जातोही, आणि त्याने थंडीचे दिवस कमी करता येतात. पण त्याच अभ्यासात थंडी न लागलेल्या फळांना पाच आठवडे इथिलीनसारखाच प्रॉपिलीन वायू दिला होता. फळं पिकली, त्यांचं स्वतःचं इथिलीन मात्र जवळजवळ सुरूच झालं नाही, कारण एसीसी बनवणारं एन्झाइम जागं झालं नव्हतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे थंडीचं काम कशावरून, नुसत्या दिवसांचंही असेल. ओरेगॉनमध्ये आंजूवर झालेल्या कामातून दिसलं की १० अंशांना हीच तयारी उणे अर्ध्या अंशापेक्षा कमी दिवसांत होते, आणि उशिरा तोडलेल्या फळाला थंडी कमी पुरते. हे मान्य करायला हवं. उणे १ हा आकडा फळाने मागितलेला नाही, तो टिकाऊपणासाठी व्यापाराने निवडलेला आहे. फळाला गारवा हवा, बर्फाचा काठ नको. पण पास-क्रासानचे ते १८ अंश पाहता नुसते दिवस मोजून भागत नाही, हेही तितकंच खरं. राहिला प्रश्न पंजाबच्या पत्थरनाखसारख्या आशियाई नासपतींचा. त्यांची जातकुळीच वेगळी. त्या कुरकुरीतच खायच्या, त्यांना हा नियम लावूच नये.

नासपतीचं बीसुद्धा दोन-तीन महिने ओलसर गारव्यात राहिल्याशिवाय नीट रुजत नाही, आणि हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही तर कळ्याही नीट फुटत नाहीत. शरदात जमिनीवर पडून बर्फात राहणाऱ्या फळाने गर, बी आणि कळी या तिन्हींना एकाच ऋतूची सवय लावून घेतली असावी, असा माझा तर्क आहे. या ऋतूत गराची जी तयारी होते ती इथिलीनसाठीच असते; म्हणूनच इथिलीनची दारं बंद करणारा १-एमसीपी वायू सफरचंदावर यशस्वी झाला तसा नासपतीवर डोळे मिटून वापरू नये, असं मला कळकळीने वाटतं. मात्रा थोडी चुकली तर काही फळं पिकायचीच विसरतात. महिनोन्‌महिने हिरवी, टणक राहिलेली अशी पेटी शीतगृहाच्या नोंदीत उत्तम माल म्हणून जाते आणि ताटात लाकूड म्हणून येते.

वाशीच्या बाजारात उतरणाऱ्या परदेशी नासपतीच्या पेटीवर तोडणीची तारीख आणि थंडीत काढलेले दिवस, एवढे दोन आकडे छापले तर किरकोळ विक्रेत्याला तिचं काय करायचं ते कळेल. घरी आणलेली नासपती फ्रिजबाहेर ठेवावी आणि रोज एकदा देठाजवळची मान अंगठ्याने हलकेच दाबून पाहावी. मान किंचित दबली त्या दिवशी कापावी. पोट मऊ लागेपर्यंत थांबलं तर गाभा आधीच गेलेला असतो.