पायाची नाडी

डॉक्टरपुढे बसलं की आपला माणूस न सांगता मनगट पुढे करतो. पाय कोणी पुढे करत नाही. भेगाळलेले, मातीचे पाय दाखवायची लाज वाटते, आणि डॉक्टरच्या हाताला पाय लावायचा तरी कसा, हा संकोच असतो. म्हातारी माणसं तर मी पावलाला हात लावला की पाय आखडून घेतात. ‘‘तुम्ही कशाला पायाला हात लावता साहेब?’’ म्हणत उलट मलाच नमस्कार करतात. नगर जिल्ह्यात रक्तवाहिन्यांचे आजार पाहताना हा संकोच रोज मोडावा लागतो. तो मोडला की निम्मं निदान हाती येतं.

पावलात नाडी दोन ठिकाणी लागते. एक पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा वर उचलला की जी दोरी ताठ होते तिच्या बाहेरच्या अंगाला. दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. बोटं अगदी हलकी ठेवायची. जोर दिला की रुग्णाची नाडी दबते आणि आपल्याच बोटातले ठोके आपल्याला लागू लागतात. शिकाऊ डॉक्टरला हा चकवा हमखास बसतो. शंका आली तर दुसरा हात रुग्णाच्या मनगटावर ठेवायचा आणि वरचा-खालचा ठोका बरोबर पडतो का ते पाहायचं. काही थोड्या माणसांत पावलावरची नाडी मुळातच लागत नाही, म्हणून घोट्यामागची तपासल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मग पेनाएवढं डॉपलर यंत्र. निरोगी धमनीचा आवाज प्रत्येक ठोक्याला तुटक, दोन-तीन टप्प्यांत येतो. वरती कुठे वाट अरुंद झाली असेल, तर खाली नुसता एकसुरी सुस्कारा ऐकू येतो. शेवटी घोट्यावर बीपीचा पट्टा बांधून तिथला दाब मोजायचा आणि त्याला हाताच्या दाबाने भागायचं. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर पायाच्या धमनीत अडथळा आहे. एवढ्याला लागतात पंधरा-वीस मिनिटं, आणि ती तालुक्याच्या साध्या दवाखान्यातही काढता येतात.

पण त्याआधी माणसाचं बोलणं नीट ऐकावं लागतं. ‘‘डेअरीपर्यंत जातो, मग पोटरी भरून येते. जरा उभं राहिलं की मोकळी. परत निघालो की परत तेवढ्याच अंतरावर.’’ एवढं वाक्य मिळालं की माझा हात पावलाकडे जातो. नस दबल्यामुळे पाय दुखणाऱ्या माणसाला सहसा बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. रक्त कमी पडणाऱ्याला नुसतं थांबलं तरी पुरतं. हा फरक विचारल्याशिवाय कळत नाही. न विचारल्यामुळे अशी कितीतरी माणसं ‘मणक्यात गॅप आहे’ या एका वाक्यावर महिनोन्‌महिने कमरेचा पट्टा बांधून फिरतात. तोवर आजार पुढे सरकतो. रात्री पाय आडवा ठेवता येत नाही. घरची बाई सांगते, ‘‘रात्रभर बाजेवरून पाय खाली सोडून बसलेले असतात.’’ खाली सोडलेल्या पायाला गुरुत्वाकर्षणामुळे थोडं जास्त रक्त मिळतं, म्हणून ठणका उतरतो. असा पाय वर उचलून धरला की पांढराफटक पडतो, खाली सोडला की लालभडक होतो. ही लाली पाहून ‘रक्त येतंय की’ असं घरच्यांना वाटतं. खरं तर ती धोक्याची खूण आहे.

राहुरीकडच्या एका शेतकऱ्याला मी अँजिओग्राफीचं चित्र दाखवत होतो. चित्र पाहून ते म्हणाले, ‘‘म्हणजे ठिबकच्या नळीत क्षार बसतो तसंच की. मग आम्ही ॲसिड सोडतो, तसं काही सोडता येत नाही का?’’ प्रश्न अगदी रास्त होता. धमनीच्या भिंतीत साठलेली चरबी आणि चुना विरघळवून टाकणारं औषध नाही. आजार वाढू नये म्हणून गोळ्या आहेत, पण बुजलेली वाट यंत्राने उघडावी लागते. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांनी पहिल्यांदा ते नळीने करून दाखवलं. रुग्ण ८२ वर्षांची बाई होती, पायाची बोटं सडू लागली होती, आणि पाय कापून घ्यायला तिने साफ नकार दिला होता. डॉटर यांनी जांघेतून नळ्या घालून मांडीतली अरुंद धमनी रुंद केली, आणि बाई पुढे आपल्या पायांनी चालली. आमच्याकडेही पाथर्डी-शेवगावच्या आजीबाई हेच बजावतात, ‘‘मेले तर दोन्ही पायांनिशी मरेन.’’ मी अशा हट्टाला अडाणीपणा म्हणत नाही. पावलाची नाडी न पाहता, रक्तवाहिन्यांचा तपास न करता पाय कापायला सांगणं हेच मला अर्धवट काम वाटतं. सगळे पाय वाचत नाहीत. पण जिथे रक्त पोचत नाही तिथे दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलत राहून जखम भरत नाही, हे तरी सगळ्यांना माहीत व्हायला हवं.

नळीच्या टोकाचा फुगा आत फुगवूनही वाट उघडत नसेल, तर रक्ताला वळसा काढून द्यायचा. त्यासाठी बहुधा रुग्णाच्याच पायातली लांब शीर काढून घेतो आणि उलटी करून जोडतो, कारण शिरेतल्या झडपा रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात. सरळ जोडली तर त्याच झडपा रक्त अडवतील. भिंग लावून, केसाहून फार जाड नसलेल्या धाग्याने घातलेले टाके पूर्ण झाले की चिमटे सोडायचे. आधी पांढरट, मऊ पडलेली ती शीर बोटाखाली टणक होते, उडू लागते. इतक्या वर्षांनीही त्या क्षणी मी इतर काही ऐकत नाही.

नवरात्र संपलं की माझ्याकडे पायाच्या जखमा वाढतात. नऊ दिवस अनवाणी राहायचं, पाथर्डीजवळ मोहटादेवीला अनवाणी चालत जायचं, हे इथल्या घराघरात आहे. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण जुन्या मधुमेहात पावलाची जाणीव गेलेली असते. दुपारच्या डांबरावर तळवा भाजला, काटा रुतला, तरी कळत नाही. जखम दिसते ती सुनेला, पायमोज्याला वास आल्यावर. शिवाय मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना बसून ती इतकी कडक होते, की पट्टा फुगवूनही दबत नाही, आणि घोट्याचा आकडा खोटाच चांगला येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजावा लागतो. देवीपुढे चप्पल काढावी, रस्त्यावर घालावी, एवढंच मी माझ्या मधुमेही रुग्णांना सांगतो. ऐकणारे ऐकतात.

विडीचं दुखणं वेगळं. नगर आणि संगमनेरला विडी वळण्यावर बायकांनी संसार ओढले आहेत, हजारावर मजुरी मोजून घेत. त्या विडीने होणारा एक आजार तिशी-पस्तिशीतल्या पुरुषांची बोटं काळी करतो. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी १९०८ साली कापलेल्या ११ पायांचा अभ्यास करून त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. यात पावलातल्या आणि हातातल्या बारीक धमन्या सुजतात आणि गुठळ्यांनी बंद होतात. पलीकडे जोडायला धड धमनीच उरत नाही, त्यामुळे माझी हत्यारं फारशी कामाला येत नाहीत. कामाला येतं ते विडी सोडणं. कमी करणं नव्हे. दिवसाला एक-दोन विड्यांवरही आजार जागा राहतो. पूर्ण सोडणाऱ्याचा पाय बहुधा वाचतो. न सोडणाऱ्याचं आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, असं जात राहतं.

शिरांच्या आजाराला लोक आजारच मानत नाहीत. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघालेली ऊसतोड बाई डोक्यावर मोळ्या वाहते. तिच्या पायाच्या शिरा गाठाळलेल्या, घोट्याजवळची कातडी काळी पडलेली, त्यात वर्षानुवर्षं न भरणारी जखम. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत ती दवाखान्यात येतच नाही. तिच्या पायाच्या धमन्या चांगल्या असतील, तर नीट, घट्ट बांधलेली पट्टी आणि निजताना पायाखाली उशी एवढ्यानेही पुष्कळ जखमा भरतात. पुढे ती शीर लेझरने आतून बंद करता येते. एक मात्र कायम लक्षात ठेवा: फुगलेली शीर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली, तर वर दोरी आवळू नका. माणसाला आडवं करा, पाय उंच धरा, फुटलेल्या जागेवर कापडाने दाबून ठेवा.

आणि पाय अचानक गार पडला, पांढरा झाला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर ती बहुधा रक्ताची गुठळी असते, पुष्कळदा हृदयातून निसटून आलेली. १९६३ साली टॉमस फोगार्टी यांनी जगापुढे ठेवलेली, टोकाला इवला फुगा असलेली नळी जांघेतल्या छोट्या छेदातून आत सारून अशी गुठळी ओढून काढता येते. पण वेळ असतो सुमारे सहा तास, त्यानंतर स्नायू मरू लागतात. नगर हा राज्यातला क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या कडेवरून निघालेल्या माणसाचा त्यातला बराचसा वेळ रस्त्यातच जातो. म्हणून तेल चोळत बसू नका, शेकू नका. त्या पायाला चटका बसलेला कळतही नाही. रात्री दोन वाजता पाय गार पडला तर दोन वाजताच गाडी काढा, आणि निघतानाच फोन करून रक्तवाहिन्यांचा सर्जन कुठे आहे ते विचारून घ्या.